एप्रिलमधली दोन विवरणपत्रं

कॅनडात क्वेबेक सोडून कुठल्याही प्रांतातला पगारदार माणूस वर्षातून एकदाच प्राप्तिकराचं विवरणपत्र भरतो. केंद्राचा आणि प्रांताचा कर एकाच कागदावर मोजला जातो, ओटावा, म्हणजे राजधानीतलं केंद्र सरकार, तो गोळा करतं आणि प्रांताचा वाटा प्रांताला देऊन टाकतं. क्वेबेकमध्ये मात्र ३० एप्रिलच्या आत दोन विवरणपत्रं भरावी लागतात, एक ओटावाचं आणि एक क्वेबेक सरकारचं. त्याआधी फेब्रुवारीअखेर मालकाकडून पगाराचे दाखलेही दोन आलेले असतात. केंद्रासाठी टी-४ आणि क्वेबेकसाठी रलेव्हे-१. दोन्हींतला उत्पन्नाचा आकडा सारखाच असेल असं धरून चालणारा नवखा माणूस इथे हमखास चुकतो. कंपनीने भरलेला खासगी आरोग्य विम्याचा हप्ता क्वेबेकच्या लेखी करपात्र लाभ असतो, ओटावाच्या लेखी नसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे केंद्राच्या विवरणपत्रात क्वेबेकवासीयांना मूळ केंद्रीय करावर मिळणारी १६.५ टक्क्यांची सूट घ्यायची राहून जाणं. ही सूट काही मेहेरबानी नव्हे. इतर प्रांतांत केंद्र पैसे घालतं अशा काही योजना १९६० च्या दशकात क्वेबेकने स्वतः चालवायला घेतल्या, त्या बदल्यात सोडलेला हा कर आहे.

स्वतःचा प्राप्तिकर क्वेबेकने १९५४ मध्ये, मोरिस द्युप्लेसी मुख्यमंत्री असताना सुरू केला. १९९२ पासून तर उलटी गंगा वाहते. केंद्राचा पाच टक्के वस्तू-सेवा कर क्वेबेकमध्ये गोळा करतं ते क्वेबेकचं महसूल खातं, आणि ते ओटावाला पाठवतं.

फ्रेंचभाषक क्वेबेकने कॅनडातून फुटून निघण्याच्या गोष्टी निघाल्या की मला आधी ही दोन विवरणपत्रं आठवतात. निवृत्तिवेतनाचं घ्या. बाकी कॅनडाची एक योजना आणि क्वेबेकची स्वतःची एक, दोन्ही १९६६ मध्ये सुरू झाल्या. क्वेबेकच्या योजनेचा पैसा गुंतवायला १९६५ मध्येच ‘केस द देपो’ ही संस्था उभी राहिली. दिवाणी कायदा वेगळा, फ्रेंच वळणाचा. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने इंग्रजांनीच तो राहू दिला. आर्थिक प्रवर्गातले स्थलांतरित कोण आणि किती घ्यायचे हे १९९१ च्या करारानुसार क्वेबेक ठरवतं. पॅरिसमध्ये प्रांताची कचेरी १९६१ पासून आहे, आपल्या मुंबईतही आहे. थोडक्यात, वेगळं होण्यातला सोपा अर्धा भाग क्वेबेकने देशात राहूनच उरकून घेतला आहे. उरलाय तो अवघड अर्धा, ज्याची वाटणी करायची कशी हेच कुणाला नीट माहीत नाही.

दोनदा प्रयत्न झाला. २० मे १९८० रोजी रेने लेव्हेक यांच्या सरकारने ‘सार्वभौमत्व-सहयोगा’च्या (देश वेगळा, पण कॅनडाशी आर्थिक संबंध कायम) वाटाघाटींसाठी कौल मागितला आणि ५९.५६ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. दुसरी खेप ३० ऑक्टोबर १९९५ ची. त्या मतपत्रिकेवरचा प्रश्न मराठीत असा होईल: ‘क्वेबेकच्या भवितव्याविषयीच्या विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ रोजी सह्या झालेल्या कराराच्या चौकटीत, कॅनडापुढे नव्या आर्थिक व राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवल्यानंतर, क्वेबेकने सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का?’ ‘देश’ हा शब्द यात नाही, ‘फुटणं’ नाही. त्याऐवजी ‘भागीदारी’ आहे, आणि ती दुसऱ्याने मान्य केली नाही तर काय, याचं उत्तर मतपत्रिकेत नाही, विधेयकात आहे: वाटाघाटींना साधारण वर्षभर, नाही जमलं तर सार्वभौमत्व तसंच जाहीर. विधेयक घरोघर वाटलं गेलं होतं, पण विधेयक वाचून मत देणारे सगळ्याच देशांत थोडे.

मतदान झालं ९३.५२ टक्के. होय २३,०८,३६०, नाही २३,६२,६४८. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद मतपत्रिका ८६,५०१. म्हणजे बाद मतं फरकापेक्षा जास्त. मॉन्ट्रियलला लागून असलेल्या शोमदे मतदारसंघात तर शंभरातल्या साडेअकरांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. नियमाप्रमाणे वर्तुळात फुली, बरोबरची खूण किंवा आडवी-उभी रेघ, काहीही चालत होतं. तरी फुली फार मोठी आहे, फार पुसट आहे, एक पाय वर्तुळाबाहेर गेलाय, अशा कारणांनी टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी मतं बाजूला काढली. खटले चाललेही, पण पद्धतशीर कारस्थान काही सिद्ध झालं नाही. अपिलं संपल्यावर २००८ मध्ये त्या मतपत्रिका कापून रद्दीत गेल्या. कागदाच्या एवढ्या तुकड्यावरून नऊ दशलक्षांच्या आजच्या प्रांताचं नागरिकत्व बदललं असतं, हे मोजणीच्या टेबलाजवळ उभं राहून बघितलं की ‘जनतेचा कौल’ हे शब्द जरा हळू आवाजात उच्चारावेसे वाटतात.

याच्या शेजारी गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ठेवून बघावा. तिथे प्रश्न देशातून फुटण्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन होण्याचा होता, आणि मतपत्रिकेवर चिन्हं होती: विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. निकाल १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपण कशावर शिक्का मारतोय हे कळत होतं. मात्र स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय त्या कागदावर नव्हताच. तो मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला. प्रश्न कितीही स्वच्छ विचारला तरी काय विचारायचं नाही हे विचारणाराच ठरवतो. क्वेबेकला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

१९९५ ला हात पोळल्यावर ओटावाने सर्वोच्च न्यायालयाला विचारलं, क्वेबेकला एकतर्फी फुटता येतं का? २० ऑगस्ट १९९८ चं उत्तर दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं मिळालं. एकतर्फी हक्क नाही, ना कॅनडाच्या घटनेत, ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं, तर बाकीच्यांना वाटाघाटींना बसावंच लागेल. ‘स्पष्ट’ म्हणजे किती, ते न्यायालयाने सांगितलं नाही. २००० च्या केंद्रीय ‘स्पष्टता कायद्या’ने ते ठरवायचा अधिकार ओटावाच्या कनिष्ठ सभागृहाला दिला आणि आकडा त्यानेही लिहिला नाही. क्वेबेकच्या विधानसभेने त्याच वर्षी उलट कायदा केला: निम्म्याहून एक मत जास्त म्हणजे बहुमत. दोन्ही कायदे आजही पुस्तकात आहेत. तिसऱ्या कौलात ५१ टक्के ‘होय’ पडले तर पहिलं भांडण पैशाचं होणार नाही, भांडायला बसायचं की नाही याचं होईल. पार्ती केबेक्वा या स्वातंत्र्यवादी पक्षाचे नेते पॉल सेंट-पियर प्लामोंडोन यांनी सत्ता आल्यास २०३० च्या आत तिसरा कौल घेण्याचं वचन दिलेलं आहे, तेव्हा हा प्रश्न अगदीच पुस्तकी नाही.

धरून चालू की बसले. टेबलावर पहिली वस्तू डॉलर.

दुसऱ्याचं चलन वापरायला परवानगी लागत नाही. पनामा अमेरिकी डॉलर वापरतो, माँटेनेग्रो युरो. १९९५ च्या विधेयकातही कॅनडाचा डॉलरच चालू राहील असं होतं. अडचण बँकेत पैसे ठेवणाऱ्यापाशी सुरू होते. उद्या आपला प्रांत स्वतःचं चलन काढेल आणि ते घसरेल अशी नुसती शंका आली, तरी शहाणा माणूस आपली ठेव नदीपलीकडच्या ओटावातल्या शाखेत हलवतो. पूर्वी त्यासाठी रांग लावावी लागायची, आता फोनवर दोन मिनिटं. बँकेतली रोकड आटली तर एरवी मध्यवर्ती बँक उसनवारी देते; परक्या देशाची मध्यवर्ती बँक का देईल? ठेवींचा विमाही बघा. कॅनडातल्या मोठ्या बँकांतल्या ठेवी १,००,००० डॉलरपर्यंत केंद्राच्या महामंडळाकडे विमाकृत असतात. क्वेबेकच्या घराघरात खातं असलेल्या देझार्दँ सहकारी पतसंस्थांचा विमा मात्र क्वेबेकचंच नियामक मंडळ उतरवतं. इथेही पुन्हा तेच: अर्धं वेगळं झालेलं आहे, आणि घाबरायचं ते दुसऱ्या अर्ध्याला.

झेकोस्लोव्हाकियाचं उदाहरण म्हणून तर क्वेबेकच्या अर्थतज्ज्ञांना पाठ असतं. १ जानेवारी १९९३ ला देश दोन झाले. चलन काही काळ एकच राहील असं ठरलं होतं. ठेवीदारांनी कोरुना स्लोव्हाकियातून झेक बाजूला न्यायला सुरुवात केली आणि ८ फेब्रुवारीला चलन संघ संपला, सहा आठवडेही टिकला नाही. नव्या नोटा छापून झाल्या नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर टपाल तिकिटासारखे छोटे कागद चिकटवले: हा कागद असेल तर झेक, तो असेल तर स्लोव्हाक. हे काम आधीपासून गुपचूप तयार ठेवलं होतं म्हणून निभावलं. १९९५ च्या कौलाच्या वेळचे क्वेबेकचे मुख्यमंत्री जाक पारिझो हे राजकारणात येण्याआधी अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्या कौलाआधी प्रांत सरकार, प्रांताची वीज कंपनी हायड्रो-क्वेबेक आणि केस द देपो यांनी अब्जावधी डॉलर रोखीच्या जवळ आणून ठेवले होते. ‘होय’ जिंकलं तर दुसऱ्या सकाळी क्वेबेकचे रोखे कुणी घेईना अशी वेळ आल्यास ते आपणच विकत घ्यायचे, अशी ती तजवीज. ती कधी वापरावी लागली नाही.

मग कर्ज. कॅनडाचे रोखे कॅनडाच्या नावावर आहेत, तेव्हा धनको ओटावाकडेच बघणार. स्कॉटलंडच्या २०१४ च्या कौलाआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने हेच जाहीर केलं होतं: सगळे रोखे आम्ही फेडू, स्कॉटलंडने आपला हिस्सा आम्हाला द्यावा. म्हणजे क्वेबेकचं देणं रोखेधारकांना नसून उरलेल्या कॅनडाला असेल, आणि वाटाघाटींत क्वेबेकच्या हातातला हुकमी पत्ता तोच. मार्च २०२४ अखेर केंद्राची साचलेली तूट सुमारे १,२३६ अब्ज डॉलर होती. लोकसंख्येने वाटली तर क्वेबेकचा हिस्सा २२ टक्क्यांच्या आसपास, उत्पन्नाने वाटली तर २० च्या. दोन टक्क्यांचा हा वरवर किरकोळ फरक पंचवीस अब्जांचा होतो. आणि कर्ज वाटायचं तर मालमत्ताही वाटा: बंदरं, विमानतळ, लष्करी तळ. झेक-स्लोव्हाक वाटणीत स्थावर जिथे उभं तिथल्या देशाचं झालं आणि जंगम दोनास एक या प्रमाणात, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलं गेलं. स्थावराचा तो नियम इथेही चालेल. पण लढाऊ विमानं जंगम असतात, आणि कॅनडाच्या दोन मुख्य लढाऊ तळांपैकी एक, बागोव्हिल, क्वेबेकात आहे. मतदानाच्या आदल्या आठवड्यात ती कुठे उडून गेलेली असतील?

दुसऱ्या बाजूला समानीकरणाचं अनुदान आहे. कमी उत्पन्नाच्या प्रांतांना केंद्र देतं ते, २०२५-२६ मध्ये एकूण २६.२ अब्जांपैकी १३.६ अब्ज एकट्या क्वेबेकला, माणशी साधारण पंधराशे डॉलर. हे थांबेल. फुटण्याच्या बाजूचे म्हणतात, पण ओटावाला जाणारा सगळा कर घरी राहील, आणि दोन विवरणपत्रांची, दोन महसूल खात्यांची दुहेरी नोकरशाही एक होईल. दोन्ही खरं आहे. पार्ती केबेक्वाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र क्वेबेकच्या ‘पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक’ काढलं तेव्हा वाद बेरजेवर झाला नाही, गृहीतकांवर झाला: पहिल्या वर्षी एकही कंपनी हलणार नाही, व्याजदर चढणार नाही असं धरायचं का? माझं मत विचाराल तर शांत दहाव्या वर्षाचा हिशेब क्वेबेकच्या बाजूने मांडता येईल. पहिल्या अठरा महिन्यांचा नाही.

पण डॉलर आणि कर्ज यांवर बोलायला वित्तमंत्री आहेतच. मला खरी मेख गोठ्यात दिसते.

कॅनडात दूध मागणीइतकंच काढायचं असा नियम आहे. प्रत्येक शेतकऱ्याकडे कोटा असतो आणि तो लिटरात मोजत नाहीत, रोज किती किलो स्निग्धांश देता येईल त्यात मोजतात. एक किलो कोटा म्हणजे ढोबळमानाने एक गाय. क्वेबेक, ऑन्टॅरिओ आणि शेजारच्या प्रांतांत या एका किलोची किंमत २४,००० डॉलरवर गोठवलेली आहे. सत्तर गाईंच्या मध्यम गोठ्याकडे १६ लाख ८० हजार डॉलरचा नुसता कोटा असतो, गाई, गोठा, जमीन, दूध काढायची यंत्रं वेगळी. या कोट्यावर बँका कर्ज देतात आणि मुलगा बापाकडून गोठा घेतो तो याच कर्जावर. किंमत टिकून आहे ती भिंतीमुळे: ठरलेल्या मर्यादेवर आयात झालेल्या लोण्यावर २९८.५ टक्के, चीजवर २४५.५ टक्के, दुधावर २४१ टक्के जकात आहे.

आता क्वेबेक या भिंतीच्या बाहेर गेलं असं समजा. देशाच्या लोकसंख्येत वाटा २२ टक्के, दुधात सुमारे ३७. जास्तीचं दूध चीज, लोणी, दही होऊन ऑन्टॅरिओत आणि पश्चिमेकडे जातं. जकातीचा कायदा शब्दशः लावला तर ते चीज दुसऱ्या दिवसापासून परदेशी. क्वेबेकने स्वतःभोवती तशीच भिंत बांधली तरी आत ग्राहक नऊ दशलक्षच, म्हणजे दर शंभर लिटरमागे चाळीस लिटर दुधाला घर नाही. चाळीस टक्के कोटा रद्द करायचा तर त्यावरचं कर्ज कुणी फेडायचं? गाय काही मतमोजणीनंतर आटत नाही, दिवसातून दोनदा दूध देतेच, आणि टाकीत दोन दिवसांपेक्षा जास्त मावत नाही. ‘कॅनडा असं करणार नाही, त्यालाही आमचं चीज हवंय’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. ग्राहकाला हवंच असेल. पण ऑन्टॅरिओच्या दूध उत्पादकाला हा रिकामा झालेला कोटा आयता मिळणार, आणि वाटाघाटींच्या खोलीबाहेर ट्रॅक्टर घेऊन तो उभा असेल, ग्राहक नव्हे. अमेरिकेत विकायचं तर तिच्याशी नवा व्यापार करार लागेल, आणि तिची पहिली मागणी हीच दुधाची भिंत पाडा अशी असते. गंमत म्हणजे ग्रामीण, दुधाळ, फ्रेंच क्वेबेकमध्येच ‘होय’ची मतं दाट पडतात. मेपलच्या पाकाला मात्र यातलं काहीच शिवणार नाही. जगातला सत्तर टक्क्यांच्या वर माल क्वेबेकचा, घेणारा घेईलच.

जमिनीचा प्रश्न नकाशावर सोपा दिसतो: क्वेबेकची सीमा आहे तीच राहील. १९९२ मध्ये पाच आंतरराष्ट्रीय कायदेतज्ज्ञांनी क्वेबेकच्या विधानसभेच्या समितीला तसंच लेखी मत दिलं होतं. पण उत्तरेचा अवाढव्य प्रदेश क्वेबेकला ओटावाच्या संसदेनेच जोडून दिला, १८९८ मध्ये एकदा आणि १९१२ मध्ये दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्या वेळी तिथल्या आदिवासींचे हक्क मानण्याच्या अटीवर. तिथे क्री आणि इन्युइट राहतात. त्यांनी १९९५ मध्ये आपापले कौल आधीच उरकून घेतले. २४ ऑक्टोबरला क्री लोकांपैकी ९६.३ टक्क्यांनी कॅनडातून बाहेर नेलं जायला नकार दिला. त्यांचे प्रमुख मॅथ्यू कून कम यांचा मुद्दा साधा होता: कॅनडाचे तुकडे होऊ शकतात तर क्वेबेकचे का नाहीत? ज्या तत्त्वाने तुम्ही जाता, त्याच तत्त्वाने आम्ही राहतो. या युक्तिवादाला पार्ती केबेक्वाने दिलेलं एकही उत्तर मला पटलेलं नाही. कायद्याचं आहे, पण कायद्याचं उत्तर आणि पटणारं उत्तर यांत बेळगावपासून निपाणीपर्यंतचं अंतर असतं, हे सीमाभागाचा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि तिथे नुसती तुंद्रा नाही, वीज आहे. ला ग्रांद नदीवरचे प्रकल्प मिळून १६,००० मेगावॅटहून अधिक, त्यात एकटं रोबेर-बुरासा केंद्र ५,६१६ मेगावॅटचं. हायड्रो-क्वेबेकच्या क्षमतेतला जवळपास निम्मा भाग हा. क्री लोकांशी ११ नोव्हेंबर १९७५ चा जेम्स बे करार आहे, त्यावर केंद्राचीही सही आहे; केंद्र निघून गेलं तर तिची जबाबदारी कुणाकडे? पूर्वेला न्यूफाउंडलंड प्रांताच्या लॅब्राडोर भागातलं चर्चिल फॉल्स, ५,४२८ मेगावॅट. ही वीज क्वेबेक १९६९ च्या करारान्वये २०४१ पर्यंत जवळजवळ फुकट, युनिटला सेंटच्या पाचव्या हिश्शाला घेतं. न्यूफाउंडलंडला विकायला दुसरी वाट नव्हती, तार क्वेबेकमधूनच जायची. ही जखम इतकी जुनी आहे की डिसेंबर २०२४ मध्ये नव्या कराराची चौकट जाहीर झाली तेव्हा न्यूफाउंडलंडच्या मुख्यमंत्र्यांनी जुन्या कराराची प्रत फाडून दाखवली. क्वेबेक परदेश झालं तर न्यूफाउंडलंड जुना कागद पाळेल? शिवाय लॅब्राडोरची १९२७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने आखलेली सीमा क्वेबेकने आजवर मनापासून मानलेली नाही. तारांच्या बाबतीत तरी वाटणी झालेली आहे म्हणा. क्वेबेकचं वीजजाळं शेजाऱ्यांच्या लयीत चालत नाही, सीमेवर वीज एकदिश करून पलीकडे पुन्हा प्रत्यावर्ती करावी लागते. विजेपुरतं क्वेबेक आजही बेटच आहे.

माणसांचं तसं नाही. ओटावा आणि पलीकडचं गातिनो यांच्या मधे नदी आहे आणि तिच्यावर मोटारींचे पाच पूल. केंद्र सरकारच्या कचेऱ्या दोन्ही काठांवर, कर्मचारी सकाळी दोन्ही दिशांनी जातात. क्वेबेकच्या बाजूला राहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आम्ही सामावून घेऊ असं १९९५ मध्ये पारिझो सरकारने सांगितलं होतं. तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने ‘नाही’ म्हणून त्याची पावती दिली. पासपोर्टाचं त्याहून नाजूक. कॅनडा १९७७ पासून दुहेरी नागरिकत्व मानतो, म्हणून विधेयकात दोन्ही नागरिकत्वं ठेवायची मुभा लिहिली होती. पण आपल्याला सोडून गेलेल्या देशाचे सगळेच्या सगळे नागरिक आपलेही नागरिक, हे ओटावाची संसद किती दिवस चालू देईल? सगळ्यांत कमी बोललं जातं ते मधल्या लोकांबद्दल. मॉन्ट्रियलच्या पार्क एक्स्टेन्शनमध्ये भारतीय दुकानांच्या रांगा आहेत, तिथे काम करणारा एखादा मराठी मुलगा क्वेबेकचं निवड प्रमाणपत्र मिळवायला फ्रेंच शिकतो, परीक्षा देतो. पण कायम वास्तव्याचं कार्ड त्याला ओटावाच देतं. देश बदलला तर त्या कार्डाचं काय होईल, याचं उत्तर कुठल्याच मसुद्यात नाही. आणि नागरिक नसल्याने त्याला कौलात मतही नाही.

उरलेल्या कॅनडाबद्दल थोडक्यात. पूर्वेचे चार अटलांटिक प्रांत बाकी देशापासून तुटतील, हॅलिफॅक्सहून टोरांटोला जाणारा ट्रक न्यू ब्रन्सविक सोडला की परदेशातून जाईल. ३४३ जागांच्या सभागृहातून क्वेबेकच्या ७८ गेल्या की राहिलेल्या २६५ मध्ये ऑन्टॅरिओच्या १२२. पश्चिमेला आज क्वेबेकचा राग येतो. मग ऑन्टॅरिओचा येईल. आणि फ्रेंच? क्वेबेकबाहेर फ्रेंच मातृभाषा असलेले दहा लाखांच्या आसपास लोक आहेत. आज ते द्विभाषिक देशाचे नागरिक आहेत, कारण पाठीशी क्वेबेक आहे. त्यानंतर ते तीन टक्क्यांचे अल्पसंख्य होतील. न्यू ब्रन्सविकमधले फ्रेंचभाषक, म्हणजे अकादियन, तीस टक्के आहेत, ते निभावतील. मॅनिटोबातल्या सें-बोनिफासच्या फ्रेंच शाळेबद्दल तसं सांगता येत नाही.

फुटण्याचा खर्च फुटल्यावरच सुरू होतो असंही नाही. १५ नोव्हेंबर १९७६ ला पार्ती केबेक्वा निवडून आली, २६ ऑगस्ट १९७७ ला फ्रेंच सक्तीचा १०१ क्रमांकाचा कायदा झाला, आणि जानेवारी १९७८ मध्ये सन लाइफ या विमा कंपनीने मुख्यालय मॉन्ट्रियलहून टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं. त्या पाच वर्षांत लाखाहून अधिक इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. मॉन्ट्रियलचं पहिलेपण राजकारणाने घालवलं असं यावरून सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. टोरांटोकडे ओघ आधीच लागला होता, आणि त्याचं एक कारण लोखंडी दरवाज्यांचं आहे.

१९५९ पर्यंत समुद्रातून येणारं मोठं जहाज मॉन्ट्रियलला थांबायचं, कारण पुढे नदीला खळाळ होते. त्या वर्षी सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि जहाजं शहर ओलांडून थेट पंचमहासरोवरांत जाऊ लागली. मॉन्ट्रियल ते ऑन्टॅरिओ सरोवर या टप्प्यात सात जलपाशं आहेत. दोन अमेरिकेत, एक ऑन्टॅरिओत, चार क्वेबेकात. प्रत्येक पाश २३३.५ मीटर लांब आणि २४.४ मीटर रुंद. जहाज आत घेतात, मागचं दार लावतात, सात ते दहा मिनिटांत नऊ कोटी लिटरच्या वर पाणी नुसत्या उताराने भरतं, पंप लागत नाही. पुढचं दार उघडतं, जहाज एक पायरी वर गेलेलं असतं. थंडर बेचा गहू याच पायऱ्या उतरून समुद्राला मिळतो. स्वतंत्र क्वेबेक या चार दारांचं मालक होईल, पण दारं अडवून धरण्यात त्याचाच तोटा, कारण पाणी वरून येतं. मॉन्ट्रियल बंदरात पाणी किती असेल ते कॉर्नवॉलजवळच्या धरणातून किती सोडतात त्यावर ठरतं, आणि ते ठरवतो १९०९ च्या कराराने नेमलेला आयोग. त्यात कॅनडा आहे, अमेरिका आहे. क्वेबेकची खुर्ची नाही. नव्या देशाला ती मागावी लागेल, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्याने मागायची म्हणजे वरच्या दोघांनी हो म्हणायला हवं.

यांतलं पहिलं पाश मॉन्ट्रियलसमोर, सें-लाँबेरला. १८५९ चा व्हिक्टोरिया पूल नेमका त्याच्यावरून जातो. जलमार्ग खणताना पूल बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, आगगाड्या होत्या, मोटारी होत्या. तेव्हा अभियंत्यांनी पुलाला त्या टोकाशी दुसरा फाटा काढला. पाशाच्या दोन तोंडांवर दोन उचलते गाळे. जहाज खालच्या तोंडाशी आलं की तिथला गाळा वर जातो आणि वाहतूक वरच्या फाट्याने वळवतात. ते आत शिरून वर चढेपर्यंत खालचा गाळा उतरलेला असतो आणि वरचा उचलायला मोकळा. मार्चअखेर बर्फ फुटल्यापासून डिसेंबरअखेर जलमार्ग बंद होईपर्यंत हे असंच चालतं.